पाठीच्या कण्याची त्रिमितीय प्रतिकृती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या प्रतिमांवरून संगणकावर पाठीच्या कण्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात. शस्त्रक्रियेच्या नियोजनात ती फार उपयोगी पडते; पण तिच्या अचूकतेबद्दल काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज १: प्रतिकृती म्हणजे मणक्यांचे हुबेहूब छायाचित्र.

वस्तुस्थिती: सीटीत प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड एककांत नोंदली जाते. पाण्याची ०, हवेची उणे १०००. ठरावीक मर्यादेवरचे बिंदू हाड मानून पृष्ठभाग रचला जातो. मर्यादा जास्त ठेवली, तर ऑस्टिओपोरोसिसने विरळ झालेल्या मणक्यांत नसलेली भोके दिसतात. कमी ठेवली, तर शेजारचे मणके सांध्यापाशी जोडलेले भासतात.

गैरसमज २: थ्रीडी प्रिंटर जितका बारीक, तितकी प्रतिकृती अचूक.

वस्तुस्थिती: प्रिंटरचा थर ०.१ मिमीचा असला, तरी मूळ स्कॅनचे छेद ३ मिमी जाडीचे असतील तर हरवलेला तपशील परत येत नाही. पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. त्या घासून गुळगुळीत केल्या की हाडाची टोके बोथट होतात. छातीच्या मधल्या मणक्यांत स्क्रू ज्या पेडिकलमधून (मणक्याच्या हाडाच्या अरुंद दांड्यातून) बसवतात, त्याची रुंदी अनेकांत जेमतेम ४-५ मिमी असते. तेथे १ मिमीची चूकही मज्जारज्जूला धोक्याची ठरू शकते. त्यामुळे अशा नियोजनासाठी सुमारे १ मिमी किंवा त्याहून पातळ छेद घेणे इष्ट असते.

गैरसमज ३: एकाच तपासणीतून सगळे अचूक दिसते.

वस्तुस्थिती: सीटीत हाड ठळक दिसते, तर चकती, मज्जारज्जू आणि नसा एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. दोन्ही प्रतिमा एकत्र करताना प्रत्येक मणका स्वतंत्रपणे जुळवावा लागतो, कारण दोन्ही वेळी रुग्णाची स्थिती तंतोतंत सारखी नसते.

गैरसमज ४: प्रतिकृतीतला बाक हाच रुग्णाचा खरा बाक.

वस्तुस्थिती: या तपासण्या बहुधा रुग्णाला झोपवून होतात. शरीराचा भार कण्यावरून उतरल्याने स्कोलिओसिसचा (कणा बाजूला वाकण्याचा) बाक उभ्या स्थितीपेक्षा कमी भरतो. म्हणून बाकाचे माप दर्शवणारा कॉब कोन उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर मोजतात. ईओएस यंत्र उभ्या रुग्णाच्या समोरून आणि बाजूने एकाच वेळी प्रतिमा घेते. त्यांवरून कण्याचा त्रिमितीय आकार मिळतो. मात्र तो कण्याच्या आधीच तयार असलेल्या नमुन्यावर बेतलेला असल्याने मणक्याचे बारीक तपशील त्यात सीटीइतके नेमके नसतात.

प्रतिकृती मूळ तपासणीपेक्षा अचूक असू शकत नाही. तिच्यावरून घेतलेले प्रत्येक महत्त्वाचे माप मूळ छेदांशी ताडून पाहिलेच पाहिजे.