सांगवीतलं बंद घर: विकत घेऊन, तिथंच राहून उभं करताना

पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवी, दापोडी, पिंपळे गुरवच्या पट्ट्यात टॉवर उभे राहिले, तरी जुन्या गावठाणात आणि त्याच्या कडेच्या अर्ध्या-एक गुंठ्याच्या वसाहतींत अजून बंद घरं दिसतात. दाराला गंजलेलं कुलूप, गच्चीच्या फटीत पिंपळाचं रोप, कराच्या बिलावर केव्हाच वारलेल्या माणसाचं नाव. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आणि पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालवणाऱ्या कुटुंबाची नजर अशा घराकडे वळली तर नवल नाही. स्वस्तात घ्यावं, तिथंच राहायला जावं आणि वाचलेल्या भाड्यातून एकेक खोली नीट करावी. मार्ग कष्टाचा आहे, पण खरा आहे.

घर स्वस्त का आहे, याचं उत्तर तीन ठिकाणी सापडतं: कागदात, नदीत किंवा भिंतीत. भिंतीतला दोष तिथं राहून दुरुस्त करता येतो. कागदातला कधी निस्तरतो, कधी नाही. नदीतला आपल्या हातात नसतो. बहुतेक जण आधी भिंती पाहतात, मग कागद, आणि नदी पाहतच नाहीत. तपासणीचा योग्य क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

नदी

सांगवीच्या एका अंगाला पवना आणि दुसऱ्या अंगाला मुळा. गावाच्या पुढेच, दापोडीजवळ, दोन्ही एकत्र येतात. पवना धरणातून विसर्ग वाढला की पवना फुगते, मुळशीतून पाणी सोडलं की मुळा. दोन्ही एकाच वेळी चढल्या तर पाणी वस्तीत शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२४ च्या जुलैमध्ये जुन्या सांगवीतल्या नदीकाठच्या घरांनी हे अनुभवलं.

नकाशावर नदीच्या दोन रेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी पूररेषा, १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती लाल. महापालिकेच्या विकास आराखड्यावर आपला सर्व्हे नंबर या रेषांच्या कोणत्या बाजूला येतो, हे नगररचना विभागात लेखी विचारून घ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावं लागतं. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले न्यायालयीन लढाईनंतर महापालिकेनं पाडले. लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून ते बांधले होते.

घर बघायला जाल तेव्हा भिंतींवर पाण्याची आडवी, मातकट रेघ शोधा. रंग नवा असेल तर दाराच्या चौकटीचा खालचा भाग आणि कपाटाच्या मागची भिंत पाहा. विजेचं मीटर डोक्याच्याही वर बसवलेलं असेल तर ते तिथं का गेलं, हे शेजाऱ्यांना विचारा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, हे गल्लीतली म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतात. घर निळ्या रेषेच्या आत निघालं तर किंमत कितीही कमी असो, तिथूनच परत फिरा.

कागद

जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. तिथली लोकसंख्या घटते आहे, तरुण गाव सोडून गेले आहेत आणि मागे घरात राहायला कुणी नाही. आपल्याकडे घर रिकामं पडतं ते बहुधा वारस वाढल्यामुळे. आजोबांच्या नावावरचं घर, त्यांची चार मुलं, तीन मुली आणि पुढची नातवंडं. वाटणी झालेली नाही, एकटा कुणी विकू शकत नाही, एकटा कुणी दुरुस्तीही करत नाही.

त्यामुळे विकणारा कोण, यापेक्षा विकायचा हक्क कुणाकुणाला आहे हा प्रश्न मोठा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणं आवश्यक नाही. म्हणून लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, किंवा त्यांनी दिलेलं हक्कसोडपत्र हवं आणि तेही नोंदणीकृत. ‘बहिणी काही मागायच्या नाहीत’ हे वाक्य ऐकलं की त्या बहिणींना स्वतः भेटा.

सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक मागा, नसेल तिथं सातबारा, आणि दोन्हीकडे फेरफाराची साखळी तपासा. महापालिकेचं कराचं बिल मालकीचा पुरावा नव्हे. ते कर कोण भरतो एवढंच सांगतं. या पट्ट्यात एक-दोन पिढ्यांपूर्वी अर्धा-अर्धा गुंठा नोटरीच्या कागदावर विकला गेला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे हे तुकडे जेमतेम साडेपाचशे फुटांचे. पण स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानंच पूर्ण होते. नुसती नोटरी किंवा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बजावलं आहे. असं घर घेण्याआधी मूळ जमीनमालकाच्या वारसांकडून नोंदणीकृत खरेदीखत होऊ शकतं का, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली बांधकाम नियमित होईल का, हे जाणत्या वकिलाकडून समजून घ्या. किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, या दोन खर्चांत काटकसर नको.

आणखी एक गोष्ट: दारावरचं कुलूप कुणाचं आहे? मालकाचं असेल तर तो किल्ली घेऊन येईल. टाळाटाळ होत असेल तर आत जुन्या भाडेकरूचं सामान असू शकतं. मग त्याचा हक्क भाडे नियंत्रण कायद्याखाली तुमच्या गळ्यात येतो. घर आतून पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

बँकेच्या लिलावातही घरं मिळतात. थकलेल्या कर्जासाठी तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या लिलावात बोली मंजूर झाली की २५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली साधारण १५ दिवसांत भरावी लागते. विक्री ‘जिथं आहे, जसं आहे’ तत्त्वावर होते. नोटिशीत ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक, हे पाहा. सांकेतिक असेल तर घरात कुणीतरी राहत असण्याची शक्यता मोठी.

भिंत

इथं दोन प्रकारची घरं मिळतात. गावठाणातलं जुनं घर: काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या किंवा चुन्याच्या बांधणीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, वर मंगलोरी कौलं. आणि वसाहतीतलं नंतरचं घर: विटांच्या लोड बेअरिंग भिंती, वर स्लॅब, बऱ्याचदा त्यावर मागाहून चढवलेला आणखी एक मजला.

लाकडी घरात खांबाचा बुडखा आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक तपासा. स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. टणक लाकडात तो अडतो, वाळवी लागलेल्या लाकडात सहज आत जातो. स्लॅबच्या घरात हातोडीच्या दांड्यानं छत ठोकत चला. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. पोपडे पडून सळया दिसत असतील तर गंज किती खोल गेला आहे, हे अभियंताच सांगू शकतो. महापालिका अधिनियमाप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीला तसंही संरचना स्थैर्य प्रमाणपत्र लागतं, ते खरेदीआधीच करून घ्या. गावठाणात भिंत सामाईक असते. शेजाऱ्याचे वासे आपल्या भिंतीवर टेकलेले असतील तर ती भिंत एकट्याच्या मर्जीनं हलवता येत नाही.

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जोत्यातून चढणारी ओल मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतून बाहेर पडून वाळते. सिमेंटनं ती आत कोंडते, वर चढते, लोणा लागतो आणि नवा गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

किंमत

समजा घर २५ लाखांना ठरलं. मुद्रांक शुल्क इथं पुरुषाच्या नावावर ७ टक्के, स्त्रीच्या नावावर ६ टक्के. म्हणजे १ लाख ७५ हजार किंवा १ लाख ५० हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. पण सरकारी रेडी रेकनरप्रमाणे मूल्य ३२ लाख निघालं तर शुल्क ३२ लाखांवर बसतं, पुरुषाच्या नावावर २ लाख २४ हजार. मोडकळीला आलेलं घर स्वस्तात घेताना हा फरक हमखास निघतो, म्हणून मूल्यांकन आधीच काढून ठेवा. थकलेला मिळकतकर विक्रेत्याकडून भरून घ्या. विजेची जुनी थकबाकी, वारस सोडून इतर नव्या मालकाकडून, जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच घेता येते. मंजूर नकाशा नसलेल्या घराला बँका सहसा कर्ज देत नाहीत. तेव्हा हातात असलेल्या पैशातूनच घर आणि दुरुस्ती दोन्ही बसवायची आहे.

राहत राहत दुरुस्ती

खरेदी दिवाळीच्या सुमारास झाली तर उत्तम. मृग लागेपर्यंत कोरडे महिने मिळतात. साधा गिलावा, फरशी, त्याच उंचीचं छप्पर यांना सहसा परवानगी लागत नाही. भिंत हलवायची, मजला चढवायचा तर लागते. सुरू करण्याआधी वॉर्ड कार्यालयात विचारा.

पहिलं काम पाणी आणि संडास. शहराला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. घरचा वापर आणि नव्या कामावर मारायचं पाणी धरून किमान १,००० लिटरची टाकी आधी बसवा. दुसरं वीज: जुन्या वायरिंगला ठिगळं न लावता नवा मेन, अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी. तिसरं छप्पर. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते फोडू-कापू नका. ओले करून अख्खे उतरवा आणि त्या दिवशी मुलांना घरात ठेवू नका. चौथं, एक खोली पूर्ण कोरडी आणि बंद होणारी करा. झोप, कपडे, कागदपत्रं, धान्य तिथं. दाराला जाड प्लास्टिकचा पडदा, म्हणजे धूळ आत येणार नाही. ही खोली नसेल तर दमा असलेल्या माणसाला किंवा लहान मुलाला घेऊन राहायला जाऊ नका.

जुनं उकरायचं काम गवंड्याला हजेरीवर द्या, कारण आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. गिलावा, फरशी यांसारखं मोजता येणारं काम चौरस फुटावर उक्तं द्या. तिथंच राहत असल्यानं माल किती प्रमाणात कालवला, गिलाव्यावर पाणी मारलं की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. हा या मार्गाचा सर्वांत मोठा फायदा आहे. राडारोडा नदीकाठी टाकू नका. नदीचं पात्र त्यानंच अरुंद होतं आणि पुढच्या पुरात पाणी वस्तीत शिरतं. मोशीत महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे.

आतला गिलावा आणि रंग मात्र पहिल्या वर्षी करू नका. एक पावसाळा त्या घरात काढा. ओल दिसली की तिच्या कडेला खडूनं रेघ मारा आणि तारीख लिहा. खालून वर सरकणारी रेघ जोत्यातली ओल दाखवते, वरून पसरणारी छतातली. पाऊस उघडल्यावरही वाढत राहिली तर नळाचा पाइप फुटला आहे. चार महिन्यांत भिंत स्वतःच सांगते की पैसा कुठं घालायचा. मग दुसऱ्या हिवाळ्यात आतलं काम निश्चिंतपणे काढा.

नावावर करणं

दस्त नोंदला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार, कराच्या बिलावर नाव, विजेचं बिल, पाण्याचं कनेक्शन: चारही ठिकाणी आपली नोंद करून घ्या. दस्त, सर्च रिपोर्ट, अभियंत्याचा दाखला आणि दुरुस्तीच्या पावत्या एका फायलीत ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी ती कुठं आहे ते माहीत असू द्या. हे घर ओस पडलं ते आधीच्या पिढीनं वारसनोंद आणि वाटणी पुढं ढकलली म्हणून. मुली धरून सर्व वारसांशी बोलून मृत्युपत्र करून ठेवलं, तर तुम्ही कष्टानं उभं केलेलं घर पुन्हा त्याच वादात अडकणार नाही. त्याचा खर्च एका खोलीच्या रंगापेक्षाही कमी येतो.