महापुरातील बिनतारी संपर्क आणि केबलची तिसरी भुजा

कृष्णा व वारणा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या वाळवे तालुक्यास महापूर नवा नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदीकाठच्या गावांनी तो अनुभवला. रस्ते, वीज व दूरध्वनी एकाच वेळी बंद पडतात, तेव्हा परवानाधारक हौशी बिनतारी केंद्र मोलाचे ठरते. मात्र त्याचा आकाशक, म्हणजेच ॲन्टेना, कोठेही उभारला तरी सारखाच चालला पाहिजे.

समजा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) येथे एखाद्या शाळेच्या गच्चीवर ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी आकाशक उभारला. दोन्ही बाजूंस सुमारे दहा-दहा मीटर तार आणि मध्यभागी जोडलेली कोॲक्सियल केबल, एवढीच त्याची रचना. मीटर उत्तम जुळणी दर्शवितो. दुसऱ्या दिवशी तोच आकाशक नदीकाठच्या मदतकेंद्रावर नेला, केबल निराळ्या वाटेने खाली आणली, की मीटर निराळेच सांगू लागतो. दोष तारेच्या लांबीवर ढकलला जातो व ती कापण्यात येते. कापलेली तार काही वाढत नाही!

खरे कारण पुष्कळदा केबलच्या बाहेरच्या बाजूस असते. उच्च कंप्रतेचा विद्युत्प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो. त्यामुळे केबलमधील जाळीची आतली व बाहेरची बाजू या दोन स्वतंत्र वाटा होतात. मधल्या तारेतील आणि जाळीच्या आतल्या बाजूचा प्रवाह समान व परस्परविरुद्ध असतो. परंतु आकाशकाच्या जोडापाशी जाळीतील प्रवाहास दोन वाटा फुटतात : एक आकाशकाची तार, दुसरी जाळीची बाहेरची बाजू. अशा रीतीने केबल ही आकाशकाची तिसरी, कोणी न मोजलेली भुजा बनते. भूसंपर्कापर्यंत तिची लांबी पाव तरंगलांबीएवढी भरली तर वरच्या टोकाशी अडथळा मोठा व गळती अल्प. अर्ध्या तरंगलांबीएवढी भरली तर नेमके उलट. जागा बदलताच जुळणी बदलते ती यामुळे. शिवाय इन्व्हर्टर, एलईडी दिवे यांचा गोंगाट याच वाटेने वर चढतो आणि दूरचा क्षीण संदेश त्यात बुडून जातो.

यावर उपाय म्हणजे चोक. त्या कंप्रतेस योग्य अशा फेराइटच्या कड्यावर बारीक कोॲक्सियल केबलचे दहा-बारा वेढे घेऊन तो जोडापाशीच बसवितात. आतील दोन प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना नाहीशी करतात, म्हणून त्यांना चोकची बाधा होत नाही. बाहेरच्या प्रवाहापुढे मात्र काही हजार ओहमचा अडथळा उभा राहतो.

अल्प शक्तीवर केबलवरून हात फिरविताच, किंवा केबलला दोन मीटरचा तुकडा जोडताच मीटरचा काटा ठळकपणे हलला, तर बाहेरून प्रवाह वाहत आहे असे समजावे. चोक बसवून मगच मीटर पाहावा. त्यानंतरही तार लांब वाटली तर प्रथम दोन्ही टोके सारखीच दुमडून पाहावीत. कापण्याची घाई करू नये.