परदेशी गेलात तर रस्त्यावरचा मासाही खाऊन पाहा

आपल्या भागातली काही पोरं आता कामासाठी, शिक्षणासाठी परदेशी जातात. तिकडं गेल्यावर आपण आधी डाळ-भातच शोधतो. आमचं म्हणणं, एक दिवस तिथला रस्त्यावरचा मासाही खाऊन पाहा.

तुर्कस्तानात इस्तंबूलला गलाता पुलाजवळ मासा-पाव मिळतो. मासा मॅकरेल, कोकणातल्या बांगड्याच्या जातकुळीतला. काटे काढून भाजतात, पावात कांदा-पाला घालून वरून लिंबू पिळतात. सोबत लोणच्याचं आंबट पाणी पितात!

नेदरलँड्समध्ये हेरिंग मासा न शिजवताच, शेपटीला धरून कांद्यासोबत खातात. पण तो खारवलेला असतो, आणि जंत मरावेत म्हणून आधी गोठवलेला असतो. वैनगंगेच्या माशावर हा प्रयोग घरी करू नका, भाऊ.

जपानात ओसाकाला ताकोयाकी मिळते. आप्पेपात्रासारख्या साच्यात केलेले गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा.

तिन्हीकडं एक गोष्ट सारखी. काट्याची भीती नाही, ताट लागत नाही, उभ्या उभ्या खाणं होतं. आपला रोहू-कतला चवीला कमी नाही, पण बारीक काट्यांमुळे नवखा माणूस घाबरतो. आपण मासोळी काठावरच किलोनं विकतो. तीच साफ करून, तळून विकली तर भाव वेगळाच.

म्हणून जाल तेव्हा चव घ्याच, पण काटा कसा काढतात, कशात बांधून देतात, हेही नीट पाहून या. आणि आल्यावर आम्हाला सांगा.