सायलेन्सर फोडून आवाज वाढत नाही

जामनेर शहरात किंवा तालुक्यातील पहूर, नेरी, शेंदुर्णी, फत्तेपूर यांपैकी कोणत्याही गावच्या वस्तीत रविवारी सकाळी जाऊन पाहा. एखाद्या अंगणात मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी असते. खाली पोते अंथरलेले. वाटीत पेट्रोल, त्यात कार्बोरेटरचे जेट भिजत घातलेले. जुन्या लुगड्याची चिंधी, टी-पाना, प्लग पाना, पक्कड आणि भोवती चार-पाच पोरे. यांतल्या एकालाही कुणी शाळेत इंजिन शिकवलेले नाही. तरी आवाज ऐकून टॅपेट वाजते की टायमिंग चेन वाजते, हे ती सांगतात. निळा धूर निघाला म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, रिंग गेल्या. काळा निघाला म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, हे त्यांना ठाऊक असते. आपले शिकलेले लोक या पोरांकडे पाहून म्हणतात, “काही कामधंदा नाही, दिवसभर गाडी उघडून बसतात.” हे वाक्य मला मान्य नाही. गाडी उघडून बसणे हा कामधंदाच आहे. फक्त त्याला कुणी तसे म्हणत नाही.

यंत्राला जात नसते असे आपण म्हणतो. पण यंत्राजवळ कुणी जायचे, हे या देशात जातीनेच ठरवले होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, त्यामुळे सवर्ण कामगारांना विटाळ होई, हे त्याचे कारण. विणकाम खात्यात पगार जास्त होता, म्हणजे विटाळाच्या नावाने पगारही अडवला गेला. १९२८-२९च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आपल्या खान्देशात भुसावळचे रेल्वे कारखाने, भुसावळ आणि वरणगावची आयुध निर्माणी येथे आरक्षणामुळे आपल्या बापजाद्यांच्या हातात पाना आला. त्या पान्यावर घरे उभी राहिली, मुली शिकल्या. आता ती दारे अरुंद होत चालली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या गेल्या. अशा काळात अंगणातल्या पान्याची किंमत समाजाने ओळखली पाहिजे.

मोटारसायकल ही आपल्याकडे चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाचोरा-जामनेर ही छोटी ‘पीजे’ गाडी जवळपास शतकभर धावली आणि २०२०च्या टाळेबंदीत थांबली. एसटीची फेरी कधी येईल याचा भरवसा नसतो. शेतमजुरीला, एमआयडीसीत, दवाखान्यात, जळगावच्या कॉलेजात जायचे तर दुचाकी लागतेच. ती बंद पडली की मजुरी बुडते. म्हणून घरची दुरुस्ती हा पोटाचा प्रश्न आहे. प्लग काढून काजळी पुसणे, चेनला बोटभर ढील ठेवणे, कपाशीच्या रानातली धूळ खाऊन चोंदलेला एअर फिल्टर साफ करणे, वेळेवर ऑइल बदलणे, क्लच आणि ब्रेकची केबल बसवणे ही कामे घरी होतात आणि चांगली होतात. ज्याला ती येतात तो गॅरेजमध्ये फसत नाही. मात्र काढलेले काळे ऑइल गटारीत किंवा कांग नदीत ओतू नये, डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावे. आणि बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू वासाने कळत नाही, माणूस झोपेतच जातो.

इथपर्यंत सगळे ठीक. भांडण सुरू होते ते सायलेन्सरपाशी.

माझ्या एका पुतण्याने शंभर सीसीच्या गाडीचा सायलेन्सर घरीच कापला. आतली जाळी आणि नळी काढून टाकली, पुन्हा वेल्डिंग मारले. गाडी गल्लीत शिरली की फटाक्यांची माळ लागल्यासारखे वाटायचे. मी विचारले, “कशाला रे बाबा?” तो म्हणाला, “काका, पिकअप वाढतो. आणि आपण आलो हे लोकांना कळतं.” या उत्तराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही नीट तपासले पाहिजेत.

पहिला भाग पिकअपचा. हा समज जुन्या गाड्यांतून आला आहे. राजदूत, लुना, यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचे, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळीचा थर धरायचा आणि गाडी ओढेनाशी व्हायची. तेव्हा मिस्तरी आतली नळी काढून जाळायचे, खरवडायचे, पुन्हा बसवायचे. गाडी मोकळी व्हायची. म्हणजे सायलेन्सर उघडणे हा तेव्हा दुरुस्तीचा भाग होता. पण नळी पुन्हा बसवायची असते, हे आपण विसरलो. आजची फोर-स्ट्रोक गाडी वेगळी आहे. तिचा कार्बोरेटर, जेट, सायलेन्सर एकमेकांच्या मापाने ठरवलेले असतात. सायलेन्सर मोकळा केला की धुराच्या दाबाचे गणित बिघडते. पेट्रोल कमी, हवा जास्त असे मिश्रण होते. इंजिन तापते, फटफट आवाज येतो आणि कमी वेगातली ओढ उलट कमी होते. मागे चाऱ्याचा भारा किंवा बायको-पोरे असतील तर ते चढावर लगेच कळते. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत, आणि विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या वाटेतच बसवलेला असतो. तो कापून फेकला की गाडीचा दिवा लागू शकतो आणि नुसता आवाजच नव्हे, विषही आपल्याच गल्लीत सुटते.

कायद्याची बाजूही पोरांनी समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२)मध्ये ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना रद्द अशी तरतूद आहे. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याची गाडी आठ दिवस ठाण्यात अडकली तर नुकसान किती, हे कुणाला सांगायला नको.

आता दुसरा भाग, आणि तोच खरा. “आपण आलो हे लोकांना कळतं.” हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. याच जामनेर तालुक्यातील वाकडी गावात जून २०१८मध्ये विहिरीत पोहल्याच्या कारणावरून दलित मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि तिची चित्रफीतही काढली गेली. मे २०१५मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाची हत्या झाल्याची फिर्याद दाखल झाली. ज्या व्यवस्थेला आपल्या खिशातल्या मोबाईलचा आवाज सहन होत नाही, तिच्यासमोर पोराला वाटते की गाडीचा आवाज तरी कुणी दाबू नये. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून, पायताण हातात घेऊन गावातून गेलेल्यांचा हा नातू आहे. त्याला दणदणीत जायचे आहे. त्याच्या मनातली ही आग खोटी नाही.

परंतु बाबांनो, तो आवाज कुणाच्या कानावर पडतो याचा विचार केला का? बंगल्यात बसलेल्या प्रस्थापिताच्या खिडक्या काचेच्या आणि बंद आहेत. आवाज आदळतो तो आपल्याच पत्र्याच्या घरांवर. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असते, कुणी पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करत असतो. दम्याची आजी झोपलेली असते, बाळंतीण असते. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असे २०००चे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. पोलीस आपल्याच पोरांना आधी पकडतात आणि इतरांच्या डीजेकडे कानाडोळा करतात, अशी तक्रार वस्तीवस्तीत ऐकू येते. त्या दुटप्पीपणाविरुद्ध जरूर बोलले पाहिजे. पण त्यांचा अन्याय दाखवण्यासाठी आपल्याच लेकीचा अभ्यास मोडायचा, हा कुठला न्याय? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष ऐकू आला पाहिजे, कापलेल्या सायलेन्सरची फडफड नव्हे.

मला खंत वेगळीच आहे. ज्या पोराने सायलेन्सर कापून, नळी काढून, पुन्हा सरळ वेल्डिंग मारले, त्याच्या हातात कसब आहे. त्या कसबाला आवाज करण्यापलीकडे दुसरी वाट कुणी दाखवलीच नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप घरी बनवली. ती रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती. पण आनंद महिंद्र यांनी दखल घेतली आणि २०२२च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो गाडी मिळाली. याच्या उलट यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या चोवीस वर्षांच्या वेल्डरने घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवले आणि ऑगस्ट २०२१मध्ये चाचणी घेताना पाते तुटून त्याचा जीव गेला. शाळा अर्धवट सुटलेला हा मुस्लिम तरुण. त्याला वेळीच एखादी प्रयोगशाळा, एखादा गुरू मिळाला असता तर? एकाला बक्षीस आणि एकाला मरण, हा नशिबाचा खेळ झाला. हक्काची व्यवस्था कुठे आहे?

सरकार म्हणेल, व्यवस्था आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. ऐकायला छान. पण तिच्यातले १८ व्यवसाय वाचा. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-झाडू विणणारा, न्हावी, परीट… सगळे ‘पारंपरिक’, घराण्यातून चालत आलेले. अर्ज करणाऱ्याला जातीची अट नाही, हे खरे. पण यादी वाचली की गावगाड्याची आठवण येते. बापाचे काम सोडून ज्याने स्वतःच्या आवडीने मोटारसायकलचे इंजिन निवडले, त्याचा व्यवसाय त्या यादीत नाही. झाडू बनवलात तर सरकार मदत करील, इंजिन बांधलेत तर आपले आपण पाहा! जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६मध्येच बजावले होते. माणसाला आपला धंदा स्वतः निवडता आला पाहिजे, हा त्या म्हणण्याचा गाभा. अंगणात गाडी उघडून बसलेला पोरगा तोच हक्क बजावतो आहे, त्याला स्वतःला ठाऊक नसले तरी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. ऑक्टोबर १९४२मध्ये त्यांनी व्हाईसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची मागणी ठळकपणे होती. आपण बॅरिस्टर बाबासाहेब लक्षात ठेवले, हे योग्यच. पण आपल्या पोराच्या हातात यंत्र यावे म्हणून भांडणारे बाबासाहेब विसरून चालणार नाही.

मग करायचे काय? वस्तीवस्तीत समाजमंदिर आहे, विहार आहे. तिथे एका कपाटात अवजारांचा एक चांगला संच ठेवा. पाने, फिलर गेज, मल्टिमीटर. वर्गणीतून येतो, डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात तर नक्कीच येतो. रविवारी दोन तास जाणत्या मिस्तरीने शिकवावे. रेल्वे, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आपले फिटर घरी बसून आहेत, त्यांना आदराने बोलवा. मुलींनाही बसवा, त्याही स्कूटी चालवतात. जे दहावी झाले त्यांनी आयटीआयचा मेकॅनिक मोटार व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स करावा. ज्यांचे शिक्षण सुटले त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहे, ती तालुक्याला मागा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे गॅरेजसाठी कर्जाचे अर्ज गटाने करा, एकट्याने खेटे घालू नका. पुढे बॅटरीच्या गाड्या वाढणार आहेत. त्यांना सायलेन्सरच नाही! तेव्हा नुसता आवाज करणारा मागे पडेल आणि वायरिंग समजणारा टिकेल.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. कुणाला इजा न करता, कष्टाने, कसबाने मिळवलेली भाकर. बिघडलेली गाडी नीट करून देणे हे त्यात अगदी चपखल बसते.

परवा पुतण्याने कंपनीचा सायलेन्सर पुन्हा बसवला. पोलिसांच्या भीतीने नव्हे. शेजारची मुलगी परीक्षेला बसली होती, ती म्हणाली, “दादा, जरा हळू.” एवढेच पुरले. आता त्याच्या अंगणात रविवारी वस्तीतल्या तीन-चार गाड्या दुरुस्तीला लागतात. येताना तो गल्लीत ऐकू येत नाही. पण गाडी बंद पडली की लोक त्याचेच नाव घेतात.