शेकानं रक्त जळतं का?

सिंदी मेघेच्या माणसाला रेडिओथेरपीसाठी फार लांब जावं लागत नाही. एकीकडे सावंगी मेघे, दुसरीकडे सेवाग्राम. आपल्याकडे या उपचाराला सरळ ‘शेक’ म्हणतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये आठवड्याचे पाच दिवस, असा तो साधारण पाच ते साडेपाच आठवडे चालतो. बऱ्याचदा जोडीला केमोची सलाईन असते. मधूनमधून रक्त तपासलं जातं, आणि रिपोर्ट हातात आला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘शेकानं रक्त जाळलं.’

रक्त जळत नाही. आपण ‘रक्त कमी’ म्हणतो तेव्हा मनात हिमोग्लोबिन असतं. ते वाहणारी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे पाच आठवड्यांच्या शेकानं तिची संख्या एकदम कोसळत नाही. हिमोग्लोबिन बहुतेकदा आधीच उतरलेलं असतं. घास गिळवत नाही म्हणून कितीतरी दिवस पोटात धड काही गेलेलं नसतं, गाठीतूनही थोडं थोडं रक्त झिरपतं. केमो त्यात भर घालते.

खरी घसरण होते ती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची, आणि तिच्याकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. अन्ननलिका हृदयाच्या मागून, महाधमनीला लागून, मणक्यांच्या पुढून जाते. हृदयातून दर मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरतं. म्हणजे मशीन चालू असताना किरणांच्या वाटेनं सतत नवं रक्त जात राहतं, रोज एकदा, असे पंचवीसेक दिवस. रोजचा डोस १.८ ते २ ग्रे, आणि लिम्फोसाइट एवढ्या डोसलाही मरते. शिवाय मणक्यातल्या मज्जेलाही किरण लागतात. गाठ खालच्या टोकाला असेल तर प्लीहाही किरणांच्या जवळ येते. एरवी १,००० ते ४,००० असणारा लिम्फोसाइटचा आकडा उपचाराच्या अखेरीस ५०० च्या खाली, काहींचा २०० च्याही खाली जातो. भरून यायला महिने लागतात.

‘एकूण पांढऱ्या पेशी ४,००० आहेत, म्हणजे सगळं ठीक’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. खालच्या ओळीत लिम्फोसाइट ८ टक्के लिहिलं असेल, तर हिशेब ३२० चा निघतो. ती ओळ वाचा, डॉक्टरांना विचारा.

मग रक्ताची पिशवी लावा? पिशवीतून लाल पेशी मिळतात, लिम्फोसाइट नाही. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढवतं, तेही छातीवर शेक आणि केमो एकत्र चालू असताना डॉक्टर सहसा टाळतात, कारण प्लेटलेट आणखी पडण्याची भीती असते. बिटाचा रस लाल असतो, एवढंच. पपईच्या पानांनी लिम्फोसाइट भरून येतात याला पुरावा नाही. अंगात ताकद राहते ती वजन टिकल्यानं. पातळ आंबील, वरण, दूध, मऊ अंडं, जे उतरेल ते. काहीच उतरत नसेल तर नळीला घाबरू नका. नळी म्हणजे शेवट नव्हे, तिच्यातून जेवण जातं.

‘पेशी भरू द्या, मग पुढचा शेक घेऊ’ असं घरच्या घरी ठरवू नका. मधल्या सुट्टीत गाठीच्या पेशीही वाढतात. नुसत्या लिम्फोसाइट कमी झाल्या म्हणून शेक सहसा थांबवत नाहीत. न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट फार पडल्या तर केमो पुढे ढकलतात. तो निर्णय डॉक्टरांचा. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण अंगात राहत नाहीत, नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या. फक्त त्याला सर्दी-खोकला असेल तर दूर ठेवा.

ताप मात्र थर्मामीटरनं मोजायचा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रिपोर्टची फाइल घ्या आणि रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.