छायाचित्रांचा नकाशा

गावाच्या वेशीवर एक जुना वड असतो. त्याच्या पारावर म्हातारी माणसे विसावतात, पारंब्यांना धरून मुले झोके घेतात आणि एसटीची वाट पाहणारा प्रवासी त्याच्याच सावलीत उभा राहतो. एका पावसाळ्यात मोठे वादळ होते आणि तो वड उन्मळून पडतो. मग कोणी तरी विचारते, "आपल्या वडाचे एखादे छायाचित्र कोणाजवळ आहे का?" घरोघर शोध होतो. लग्नाची, वाढदिवसाची, जत्रेची छायाचित्रे शेकड्यांनी निघतात. एकदोन चित्रांत माणसांच्या खांद्यांमागे वडाची एखादी फांदीही दिसते. पण संपूर्ण वड कोणाजवळच नसतो. जो रोज डोळ्यांसमोर होता, त्याचे चित्र घेऊन ठेवावे, असे कोणाला वाटलेच नव्हते.

नित्याच्या गोष्टी नेहमीच राहतील, असा आपला समज असतो. किल्ले, राजवाडे, मोठी देवालये यांची छायाचित्रे पुष्कळांनी घेतलेली असतात. गावचा पाणवठा, शाळेकडे जाणारी पायवाट, बाजाराचा ओटा यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अशा साध्या जागांचीही नोंद राहावी, म्हणून सामान्य लोकांनी मिळून चालविलेल्या एका कामाची माहिती आपण येथे घेऊ.

ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड या बेटांवर 2005 साली 'जिओग्राफ' नावाचे एक संकेतस्थळ सुरू झाले. या बेटांच्या प्रत्येक चौरस किलोमीटरचे निदान एक तरी छायाचित्र मिळवावयाचे, असा त्याच्या चालकांचा संकल्प होता. त्यासाठी पगारी छायाचित्रकार नेमलेले नव्हते. ज्याच्याजवळ कॅमेरा असेल, त्याने आपल्या भागातील छायाचित्र स्वतः घ्यावे आणि सर्वांच्या उपयोगासाठी द्यावे, अशी योजना होती.

परंतु एवढ्या मोठ्या प्रदेशात कोणती जागा झाली आणि कोणती राहिली, हे कसे समजावे? यासाठी नकाशावरील चौकोनांचा उपयोग झाला. ब्रिटनच्या नकाशांवर 100 किलोमीटर लांब व तितकेच रुंद असे मोठे चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येकाला इंग्रजी दोन अक्षरांचे नाव असते. त्या मोठ्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर भाग केले, की एक चौरस किलोमीटरचे 10,000 लहान चौकोन होतात. 'टीक्यू' या मोठ्या चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून 30 किलोमीटर पूर्वेस आणि 79 किलोमीटर उत्तरेस गेले, की जो लहान चौकोन लागतो, त्याची खूण टीक्यू 3079 अशी आहे. लंडनमधील बिग बेन हे प्रसिद्ध घड्याळ याच चौकोनात आहे. आयर्लंडच्या नकाशावरही असेच चौकोन आहेत. दोन्ही बेटे मिळून लहान चौकोनांची संख्या 3 लाख 30 हजारांहून अधिक भरते.

ज्या चौकोनाचे छायाचित्र कोणीच दिलेले नाही, त्याचे योग्य छायाचित्र प्रथम देणाऱ्याला एक गुण मिळे. हा गुण म्हणजे पैसा नव्हे, की पदवी नव्हे. तरी त्यासाठी लोक उत्साहाने बाहेर पडले. कोणी दलदलीच्या कडेने चालत गेले, कोणी उजाड डोंगर चढले, कोणी लहान बेटांवर जाऊन आले. इंग्लंडमध्ये ऊजफ्लीट नावाच्या खेड्याजवळ एक चौकोन आहे. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर त्या चौकोनात विजेच्या तारांच्या ओळीखेरीज जवळजवळ काहीच दाखविलेले नाही. पण तेथेही माणसे गेली. त्यांना तेथे शेते दिसली, वर मोकळे आकाश दिसले, आणि त्यांनी त्याचीच छायाचित्रे दिली. नकाशाला जी जागा रिकामी वाटली, ती पाहणाऱ्याला रिकामी वाटली नाही. आज या संकेतस्थळावर 70 लाखांहून अधिक छायाचित्रे आहेत.

केवळ छायाचित्र देऊन काम पुरे होत नाही. ते कोणत्या चौकोनातील आहे, छायाचित्रकार कोठे उभा होता, त्याचे तोंड कोणत्या दिशेस होते, दिवस कोणता होता आणि समोर काय दिसत होते, हे सर्व लिहावयाचे असते. नंतर काही स्वयंसेवक ते पाहतात आणि त्या चौकोनाचे खरे स्वरूप त्यात दिसते की नाही, हे ठरवितात. गुलाबाचे एक फूल जवळून घेतले, तर ते सुंदर दिसेल. परंतु ते कोणत्याही बागेतील असू शकेल. त्याच्यामागे बाग, रस्ता, टेकडी दिसली, म्हणजे जागेची ओळख पटते.

एका चौकोनाचे छायाचित्र एकदा मिळाले, की तेथील काम संपले असेही मानीत नाहीत. आधीच्या छायाचित्रांनंतर पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर नव्या छायाचित्राला वेगळा गुण देतात. कारण उघड आहे. पाच वर्षांत शेताच्या जागी घरे उभी राहतात, नदी आपला काठ बदलते, जुने दुकान बंद होते. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, म्हणजे हा बदल आपोआप दिसतो.

वेळेवर घेतलेल्या छायाचित्राचे मोल किती असते, हे 2018 साली ब्राझील देशात दिसून आले. त्या वर्षी 2 सप्टेंबर रोजी रिओ दि जानेरो शहरातील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि तेथील बहुतेक संग्रह जळून गेला. त्यानंतर संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लोकांना विनंती केली, की आपण संग्रहालयात घेतलेली छायाचित्रे आमच्याकडे पाठवा. हजारो छायाचित्रे आली. जळालेली वस्तू छायाचित्राने परत येत नाही. पण ती कशी होती, हे पुढच्या पिढीला सांगता येते.

आपल्याकडेही अशा कामाला वाव आहे. 'विकिमीडिया कॉमन्स' हे 2004 साली सुरू झालेले भांडार सर्व जगासाठी आहे. त्यात दहा कोटींहून अधिक चित्रे व इतर साहित्य साठविलेले आहे. 'जिओग्राफ'मधील लाखो छायाचित्रेही पुढे या भांडारात आली. 2003 साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातील लेखांना याच भांडारातील चित्रे जोडता येतात. मराठवाड्यातील एखादी बारव, विदर्भातील मामा तलाव, कोकणातील नदीवरचा साकव, गोव्यातील खाजन जमिनींत भरतीचे पाणी अडविणारी मानस नावाची दारे, यांची छायाचित्रे तेथील मुलांइतकी सहज कोण देऊ शकेल? परगावचा प्रवासी एक दिवस येतो आणि जातो. विहिरीचे पाणी चैत्रात किती पायऱ्या खाली जाते, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असते.

मात्र या कामाचे काही नियम आहेत आणि ते नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला नियम असा, की छायाचित्र आपण स्वतः घेतलेले असावे. आपल्या देशात 1957 च्या कायद्यानुसार छायाचित्रावरील पहिला हक्क सामान्यतः ते घेणाऱ्याचा असतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशातून उचललेले चित्र आपले म्हणून देणे ही चोरीच होय; मग ते चित्र कितीही चांगले असो.

दुसरा नियम दानाचा आहे. अशा ठिकाणी छायाचित्र देताना आपण त्याला मुक्त परवाना देतो. मग ते कोणालाही वापरता येते, छापता येते, इतकेच काय, दिनदर्शिकेवर छापून विकताही येते. वापरणाऱ्याने आपल्या परवान्याच्या अटी पाळल्या पाहिजेत. छायाचित्रकाराचे नाव देणे ही त्यांतील नेहमीची अट होय. एकदा दिलेला हा परवाना परत घेता येत नाही. म्हणून ज्या छायाचित्राच्या बाबतीत पुढे पश्चात्ताप होईल, ते देऊच नये. घराच्या आतील चित्रे, मित्रमैत्रिणींचे चेहरे, कोणाच्या दुःखाचा प्रसंग, हे आपल्याजवळच राहू द्यावे. नाव म्हणून टोपणनाव घ्यावे आणि देण्यापूर्वी आईवडिलांना किंवा शिक्षकांना विचारावे. जेथे छायाचित्र घेण्यास मनाई असेल, तेथे कॅमेरा बंद ठेवावा. घरट्यातील पिलांना भिवविणे किंवा चित्रासाठी मोडकळीला आलेल्या भिंतीवर चढणे, हे तर कधीच करू नये.

तिसरा नियम सत्याचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्र अंधुक असेल, तर ते थोडे उजळ करण्यास हरकत नाही. परंतु मध्ये आलेली विजेची तार पुसून टाकणे, आकाशात नसलेले ढग घालणे किंवा संगणकाने रचलेले चित्र गावाचे म्हणून देणे, हे पाहणाऱ्याला फसविणे होय. लिहिण्यातही हीच काळजी घ्यावी. एखाद्या पडक्या वाड्याविषयी पुरावा नसताना आपण 'शिवकालीन वाडा' असे लिहिले, तर ते वाचून दुसरा लिहितो, त्याचे वाचून तिसरा लिहितो. आणि काही वर्षांनी ती चूक खरी म्हणून सांगितली जाते. जे पाहिले, ते पाहिले म्हणून लिहावे. जे ऐकले, त्यापुढे 'ग्रामस्थ असे सांगतात' एवढे शब्द घालावेत. जे माहीत नाही, ते लिहू नये. 'सुंदर विहीर' या दोन शब्दांपेक्षा 'गावाच्या उत्तरेस दगडी विहीर. उतरावयास अठरा पायऱ्या. पाणी हल्ली फक्त शेतीस वापरतात' हे वर्णन अधिक उपयोगी असते.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातील मोबाइल, वही, पेन्सिल आणि पाहण्याची सवय एवढी सामग्री पुरते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी चारपाच मुलांनी गावाचा साधा नकाशा काढावा, त्यावर चौकोन आखावेत आणि एकेक चौकोन वाटून घ्यावा. आपल्या वाट्याला आलेल्या चौकोनात काहीच नाही, असे प्रथम वाटेल. मग ऊजफ्लीटचा तो चौकोन आठवावा आणि पुन्हा एकदा नीट पाहावे.

तुमच्या वेशीवरचा वड आज उभा असेल, तर तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसेल इतके दूर उभे राहा, त्याचे छायाचित्र घ्या आणि खाली दिनांक लिहा. पुढे वादळ केव्हा होईल, हे कोणाला सांगता येत नाही.