पेशी फोडण्याच्या रीति व बियाण्याची परीक्षा

बियाणें खोटें निघालें तर शेतकऱ्याचा सबंध हंगाम बुडतो. आणि चांगलें बियाणें चुकून खोटें ठरलें तर तक्रारीचा खर्च व खेपा व्यर्थ जातात. पूर्वीं बियाण्याची पारख डोळ्यांनीं व अनुभवानें होत असे. हल्लीं कांहीं बाबतींत ती पानाच्या रसावरून होते. तो रस कसा काढतात हें शेतकऱ्यानें जाणणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

सर्व सजीवांचें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें. जें द्रव्य तपासावयाचें तें बहुधा पेशीच्या आंत असतें, आणि वनस्पतींच्या पेशीभोंवतीं भक्कम भिंत असते. ती फुटल्यावांचून आंतील द्रव्य पुरतें बाहेर येत नाहीं.

आमच्या साष्टी बेटांत ताडी-माडी काढण्याचा भंडारी लोकांचा धंदा जुना आहे. ताडी फसफसते ती यीस्ट नांवाच्या सूक्ष्म बुरशीमुळें. हिच्या सुमारें २०० पेशी ओळीनें मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. परंतु भिंत मोठी चिवट. जर्मनींतील एदुआर्ट बुखनर यांनीं यीस्ट वाळूबरोबर खलून व दाबून रस काढला, आणि जिवंत पेशी नसतांहि त्या रसानें साखर आंबते हें १८९७ सालीं दाखविलें. त्यांस १९०७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

लहान प्रयोगशाळेंतील मुख्य रीति अशा आहेत. पहिली खलबत्त्याची: पान उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनांत गोठविलें म्हणजे ठिसूळ होतें व खलतांच त्याचें पीठ होतें. दुसरी काचेच्या मण्यांची: यीस्टसाठीं सुमारें अर्ध्या मिलिमीटरचे मणी नळींत घालून ती जोरानें हलवितात. तिसरी ध्वनीची: कानास ऐकूं न येणाऱ्या लहरींनीं द्रवांत बारीक बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात व त्या धक्क्यानें पेशी फुटतात. चौथी औषधाची: अंड्याच्या पांढऱ्या बलकांत असणारें लायसोझाइम कित्येक जंतूंची भिंत तोडतें.

बुडबुड्यांचें हेंच काम ध्वनीवांचून, द्रव दाबानें अरुंद वाटेंतून सोडूनहि होतें. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागांत प्रा. अनिरुद्ध पंडित, प्रा. ज्येष्ठराज जोशी व सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत यीस्टवर ह्याचे प्रयोग केले, व ह्या रीतीस ध्वनीपेक्षां कमी शक्ति लागते असें त्यांस आढळलें.

खलणें, हलविणें, ध्वनि अशा बळानें फोडण्याच्या रीतींत एक नियम समान आहे. फोडणें अपुरें झालें तर द्रव्य आंतच राहतें. अति झालें तर घर्षणाच्या उष्णतेनें तें बिघडतें. म्हणून काम बर्फावर व थांबून थांबून करितात.

आतां शेताकडे येऊं. बीटी कपाशीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. तिच्या पानांत बीटी प्रथिन आहे कीं नाहीं, हें पाहण्याच्या पट्ट्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेंहि तयार केल्या. पानाचा लहान तुकडा नळींत घालून, द्रावणाचे थेंब टाकून, काडीनें चिरडतात व पट्टी बुडवितात. दोन रेघा उमटल्या तर प्रथिन आहे. एकच, म्हणजे पट्टी ठीक असल्याची रेघ उमटली तर नाहीं. ती रेघहि न उमटल्यास पट्टीच निकामी समजावी.

आमचे एक आप्त वऱ्हाडांत कपाशी करितात. त्यांच्या पानावर एकच रेघ आली, तेव्हां ते दुकानदारावर फिर्याद करण्यास निघाले. आम्हीं नळी पाहिली, तों पान जवळजवळ अखंड व पाणी पांढरें! नवें पान पुरतें चिरडून, पाणी हिरवें झाल्यावर दुसरी पट्टी बुडविली. दोन रेघा स्पष्ट आल्या.

महसूल खात्यांत आम्हीं पुष्कळ पंचनामे लिहिले. पुराव्याचें मोल तो कसा घेतला ह्यावर असतें, हें आम्हीं तेथें शिकलों. म्हणून परीक्षा करितांना पाणी हिरवें होईपर्यंत चिरडावें, दर नमुन्यास नवी काडी घ्यावी, निरनिराळ्या झाडांचीं पानें तपासावीं, व प्रत्येक नळीवर शेत, वाण व तारीख लिहावी. एवढें केल्यावरच बियाण्यास दोष द्यावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.